बाहेरून आलेली सीडी, बाहेर फिरलेला पेनड्राइव्ह आणि घरचा कॉम्प्युटर

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एका काकूंचा प्रश्न आलाय. घरी विंडोज १० चा डेस्कटॉप आहे, डीव्हीडी ड्राइव्ह असलेला. काकांच्या गुडघ्याच्या एमआरआयची सीडी तपासणी केंद्राने दिलीय. भाचीच्या लग्नाचे फोटो फोटोग्राफरने पेनड्राइव्हमध्ये घालून दिलेत. नातू युनिव्हर्सिटीत शिकतो. तो प्रोजेक्टची प्रिंट काढायला फतेहगंजात झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह घेऊन गेला आणि परत आला तेव्हा आतल्या सगळ्या फोल्डरांवर छोटे बाण आले होते. कॉम्प्युटरवाला म्हणतो, चांगला अँटीव्हायरस टाका, बाकी काही करायला नको. काकू विचारतात, खरंच तेवढ्याने भागतं का? ड्राइव्ह लावला की काहीतरी आपोआप सुरू होतं, त्याचं काय? आणि कपाटात जुन्या सीडींचा गठ्ठा आहे, त्या लावायच्या की टाकून द्यायच्या?

काकू, तेवढ्याने भागत नाही. मी बडोद्यात बरीच वर्षं घरोघरी जाऊन कॉम्प्युटर बघतो. बाहेरच्या ड्राइव्हमुळे बिघडलेली जी मशीन माझ्यापुढे येतात, त्यांतल्या बहुतेकांवर अँटीव्हायरस असतोच. नसते ती एक सवय. ड्राइव्ह लावला की आत काय आहे ते आधी बघायचं आणि मग काय उघडायचं ते ठरवायचं. आपल्याकडे लावला की लगेच डबल-क्लिक होतं, आणि नुकसान बहुधा तिथेच होतं. म्हणून आधी बघणं शिकवतो, बाकीची बंदोबस्ताची कामं त्यानंतर.

नातवाच्या पेनड्राइव्हपासून सुरुवात करू, कारण तो आत्ता घरात आहे आणि कोणीतरी तो पुन्हा लावणारच आहे.

ते बाण शॉर्टकटचे आहेत. दुकानातल्या मशीनवर बसलेला व्हायरस पेनड्राइव्ह लागल्याबरोबर आतले खरे फोल्डर लपवतो. काही व्हायरस तर ते सगळे उचलून एका बिननावाच्या फोल्डरमध्ये टाकतात, नावाच्या जागी नुसतं एक कोरं अक्षर असतं. मग प्रत्येक फोल्डरच्या नावाने, फोल्डरचंच चित्र लावून एकेक शॉर्टकट तयार होतो आणि व्हायरसची एक प्रत पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात लपून बसते. नातवाने घरी येऊन ‘प्रोजेक्ट’वर डबल-क्लिक केलं की तो शॉर्टकट आधी व्हायरस चालवतो आणि लगोलग खरा फोल्डरही उघडून देतो. फाइली समोर दिसतात, त्यामुळे काही झालंय अशी शंकासुद्धा येत नाही. तोवर व्हायरस घरच्या मशीनवर बसलेला असतो, आणि पुढे त्या मशीनला जो पेनड्राइव्ह लागेल तो तसाच होऊन बाहेर पडतो.

हे उघडण्याआधी ओळखता येतं. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’मधून ‘डिटेल्स’ निवडा. आता प्रत्येक नावापुढे ‘टाइप’ आणि ‘साइझ’ असे कॉलम येतील. खऱ्या फोल्डरपुढे ‘फाइल फोल्डर’ लिहिलेलं असतं आणि साइझचा कॉलम कोरा असतो. तिथे ‘शॉर्टकट’ लिहिलंय आणि साइझ एक-दोन केबी दिसतेय, म्हणजे तो फोल्डर नव्हे. ‘ॲप्लिकेशन’ लिहिलं असेल तर तो आणखी जुना प्रकार, फोल्डरचं चित्र चिकटवलेली ईएक्सई फाइल, म्हणजे क्लिक केल्यावर चालणारा प्रोग्राम. ‘न्यू फोल्डर डॉट ईएक्सई’ या नावाने तो एके काळी आपल्याकडच्या सायबर कॅफेंपासून शाळांच्या लॅबपर्यंत सगळीकडे पोचला होता. ‘व्ह्यू’मध्येच ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ची खूण करून ठेवा, म्हणजे ‘बायोडेटा डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ असली फाइल पीडीएफचा मुखवटा लावून बसू शकणार नाही. एक मात्र ध्यानात असू द्या. ही खूण केली तरी शॉर्टकटचं डॉट एलएनके हे शेपूट विंडोज दाखवत नाही. म्हणून नावावर जाऊ नका, ‘टाइप’चा कॉलम वाचा.

आता त्यातल्या फाइली परत मिळवायच्या. त्या गेलेल्या नाहीत, लपवलेल्या आहेत. कुठल्याही शॉर्टकटला हात न लावता एक्सप्लोररच्या ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये जा. ‘व्ह्यू’ या टॅबमध्ये लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडा आणि त्याच्या जरा खाली ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची खूण काढा. विंडोज एक इशारा देईल, ‘यस’ म्हणा. खरे फोल्डर किंवा तो बिननावाचा फोल्डर फिकट रंगात दिसायला लागेल. आत जाताना डबल-क्लिक नको, डावीकडच्या यादीतून जा. त्यातून नातवाच्या स्वतःच्या फाइली तेवढ्या उचला, म्हणजे वर्ड, पीडीएफ, फोटो. ओळखीची नसलेली एकही फाइल घेऊ नका. कॉपी झालेल्या फोल्डरवर राइट-क्लिक करून डिफेंडरने, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसने, स्कॅन करा आणि मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. फॉरमॅट करण्यापूर्वी ड्राइव्हचं अक्षर आणि त्याची साइझ दोनदा बघा, शेजारी बॅकअपची हार्ड डिस्क लागलेली असेल तर चुकून तीच पुसली जाते. काम झालं की ती लपवण्याची खूण परत करून टाका.

पण हे सगळं मशीन स्वच्छ असेल तरच कामाचं. ते तपासायची सोपी रीत अशी: रिकामा, नुकता फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह लावा, त्यात एक साधा फोल्डर करा, काढा, पुन्हा लावा. फोल्डरचा शॉर्टकट झाला तर व्हायरस घरच्या मशीनवर आहे आणि पेनड्राइव्ह कितीही वेळा धुतला तरी उपयोग नाही. अशा वेळी ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘स्कॅन ऑप्शन्स’ आणि त्यात ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं आणि विंडोज पूर्ण जागं व्हायच्या आत तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला फारशी जागा मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटांचं काम. तेवढ्याने नाही गेला तर फाइलींचा बॅकअप घेऊन विंडोज नव्याने टाकणं मला जास्त भरवशाचं वाटतं. आणि दरम्यान त्या मशीनवरून नेट बँकिंग केलं असेल, तर पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून बदला. हे उद्यावर टाकू नका.

ड्राइव्ह लावला की काहीतरी आपोआप सुरू होतं, त्याविषयीही विचारलंय. त्यामागची गोष्ट थोडी सांगतो, कारण त्यावरूनच कोणती सेटिंग का बदलायची ते कळतं. डिस्कवरून व्हायरस पसरणं हे इंटरनेट घराघरात येण्याच्याही आधीचं आहे. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या भागात बसून देशोदेशी गेला. मग विंडोज ९५ मध्ये ‘ऑटोरन’ आलं. सीडी घातली की तिच्यातली ऑटोरन डॉट आयएनएफ नावाची छोटी फाइल विंडोज वाचतं आणि तीत लिहिलेला प्रोग्राम सुरू करतं. हेतू चांगला होता, नवख्या माणसाला इन्स्टॉलेशन सोपं जावं. पण ‘सीडी लावणे’ आणि ‘अनोळखी प्रोग्राम चालवणे’ यांतलं अंतरच त्यात पुसलं गेलं. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी कॉम्प्युटरमध्ये घातल्यावर कॉपी रोखण्यासाठी एक लपणारं सॉफ्टवेअर बसवत होत्या असं उघडकीला आलं. दुकानातून पैसे देऊन घेतलेली, सीलबंद, नामांकित कंपनीची सीडी होती ती! ‘ओरिजिनल आहे म्हणजे निर्धास्त’ हे मी तेव्हापासून कोणालाच सांगत नाही. २००८ च्या नोव्हेंबरात आलेला ‘कॉन्फिकर’ हा व्हायरस नेटवर्कवरून पसरत होताच, शिवाय पेनड्राइव्हवर ऑटोरनची फाइल टाकूनही पसरत होता.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हवरचं ऑटोरन बंद केलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या एक्सपी आणि व्हिस्टालाही अपडेटमधून तीच दुरुस्ती दिली. म्हणून आजचे व्हायरस शॉर्टकटचा आधार घेतात. आपोआप चालता येत नाही, तर आपल्याकडून डबल-क्लिक करवून घेतात. सीडी-डीव्हीडीला मात्र ही बंदी लागू केलेली नव्हती. डिस्क घातली की ‘काय करू’ असं विचारणारी चौकट येते आणि तिच्यात ‘सेटअप चालवा’ हा पर्याय असतो. माणूस सवयीने त्यावरच बोट ठेवतो.

तेव्हा ती चौकटच नको. विंडोज १० मध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘डिव्हायसेस’, मग ‘ऑटोप्ले’, ती चौकट याच सेटिंगमुळे येते. विंडोज ११ मध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’खाली तोच ‘ऑटोप्ले’. वरचं बटण बंद करा. खाली रिमूव्हेबल ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांच्यापुढे ‘टेक नो ॲक्शन’ निवडा. एकदा केलं की घरातल्या कोणालाही पुन्हा तिकडे बघावं लागत नाही. कोणाच्याही मशीनसमोर बसलो की पहिलं काम मी हेच करतो.

आता काकांची एमआरआयची सीडी. या सीडींविषयी लोक मला फार कमी विचारतात, आणि खरी काळजी घ्यायची ती इथेच. अशा सीडीत साधारणपणे डायकॉमडीआयआर नावाची एक फाइल असते, आकड्यांच्या नावांचे फोल्डर असतात ज्यांत खरी चित्रं असतात, आणि ती चित्रं बघायचा व्ह्यूअर असतो. व्ह्यूअर म्हणजे ईएक्सई, आणि तो आपोआप सुरू व्हावा म्हणून शेजारी ऑटोरनची फाइल. म्हणजे पेनड्राइव्हच्या बाबतीत मी ज्याला धोक्याची खूण म्हटलं, ते सगळं इथे रीतसर, चांगल्या हेतूने हजर असतं. त्यामुळे नुसतं बघून बरं-वाईट ठरवता येत नाही. शिवाय बर्न करून बंद केलेली सीडी पुन्हा बदलता येत नाही. याचा एक फायदा आहे: ती तुमच्या किंवा डॉक्टरांच्या मशीनवरून नवा व्हायरस उचलत नाही. तोटा असा की ज्या मशीनवर ती बर्न झाली तिथेच व्हायरस असेल, तर तो त्या सीडीवर कायमचा. अँटीव्हायरस ओरडेल, पण पुसू शकणार नाही.

माझं सांगणं असं की ती सीडी घरी लावायची गरज आहे का ते आधी ठरवा. एमआरआयची चित्रं ऑर्थोपेडिक डॉक्टर बघणार, आपल्याला हवा तो रिपोर्ट आणि तो कागदावर मिळतोच. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांचं दुसरं मत घ्यायचं असेल तर केंद्राकडे चित्रांची लिंक मागा, बऱ्याच ठिकाणी देतात. घरी कॉपी ठेवायचीच असेल तर डायकॉमडीआयआर आणि आकड्यांचे फोल्डर तेवढे कॉपी करा, सीडीवरचा व्ह्यूअर सोडून द्या. बघायचं असेल तर मायक्रोडायकॉमसारखा व्ह्यूअर त्याच्या स्वतःच्या साइटवरून उतरवून घ्या, घरगुती वापराला तो फुकट आहे. सीडी लावल्यावर ‘धिस पीसी’मध्ये तिच्या चित्रावर डबल-क्लिक नको. राइट-क्लिक करून ‘ओपन’ म्हणा. सीडीवर ऑटोरनची फाइल असेल आणि ऑटोप्लेचं बटण चालू राहिलं असेल, तर डबल-क्लिकने फोल्डर उघडण्याऐवजी प्रोग्राम सुरू होऊ शकतो.

लग्नाच्या पेनड्राइव्हचं सोपं आहे. फोटोग्राफरच्या मशीनला दिवसभर लोकांची कार्डं आणि ड्राइव्ह लागतात, म्हणून तिथून आलेला ड्राइव्ह संशयितच धरा. पण त्यात असायला काय हवं ते आपल्याला पक्कं माहीत असतं: जेपीजी फोटो आणि एमपी४ व्हिडिओ. फोटो आणि व्हिडिओ बघायचे असतात, त्यांना चालवावं लागत नाही. ‘टाइप’च्या कॉलमात दुसरं काही दिसलं तर ते घ्यायचं नाही. काही फोटोग्राफर अल्बमसाठी फोटो निवडायला एक छोटं सॉफ्टवेअर देतात, तेही चालवू नका. फोटोंचे नंबर लिहून व्हॉट्सॲपवर पाठवा, कोणी नाही म्हणत नाही. आणि नुसते बघायचेच असतील तर पेनड्राइव्ह सरळ टीव्हीला लावा. विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस टीव्हीवर चालत नाही, सगळ्यांना एकत्र बसून मोठ्या पडद्यावर फोटो दिसतात, आणि कॉम्प्युटर यात येतच नाही. लांबचे काका-मावश्या जमल्या की मला तरी हीच पद्धत आवडते.

झेरॉक्सच्या दुकानाचा प्रश्न रोजचा आहे, तो टाळता येणार नाही. युनिव्हर्सिटीच्या आसपासच्या दुकानांत परीक्षेच्या आणि सबमिशनच्या दिवसांत एकाच मशीनला सकाळपासून रात्रीपर्यंत किती पेनड्राइव्ह लागतात ते नातवाला विचारा. दुकानदाराचा दोष नाही, त्याला दर गिऱ्हाइकामागे स्कॅन करायला वेळच नसतो. म्हणून उपाय आपल्या बाजूने हवा. पहिली निवड म्हणजे पेनड्राइव्ह न्यायचाच नाही. घरी पीडीएफ करायचं आणि आपल्या मोबाइलवरून दुकानाच्या व्हॉट्सॲप नंबरवर पाठवायचं. दुकानाच्या मशीनवर स्वतःचं जीमेल उघडू नका, त्याने पेनड्राइव्हपेक्षा मोठं नुकसान होऊ शकतं. आधार किंवा मार्कशीट पाठवली असेल तर प्रिंट हातात आल्यावर फाइल त्यांच्याकडून पुसून घ्या, रीसायकल बिनमधूनसुद्धा. जिथे चालत असेल तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या.

पेनड्राइव्ह न्यावाच लागला तर घरात दोन ठेवा. एक फक्त बाहेर जायचा, लहान, स्वस्त, त्यावर लाल चिकटपट्टी लावलेली. दुसरा कधीच उंबरा ओलांडत नाही. बाहेरच्या चपला देवघरात नेत नाही तसंच हे. लाल पट्टीवाल्यात एका वेळी एकच पीडीएफ ठेवायचं आणि परत आल्यावर तो उघडून बघायचा नाही, थेट फॉरमॅट करायचा. आत आपलं असं काही नसल्यामुळे जीव अडकत नाही. घरात शिस्त टिकते ती असल्या सोप्या नियमांनी. सोसायटीच्या गणपतीत आरत्यांची आणि नवरात्रात गरब्याची गाणी साउंडवाल्याला द्यायची असतात, तेव्हाही हाच ड्राइव्ह द्या. काही एसडी कार्डांना बाजूला ‘लॉक’ची छोटी पट्टी असते. ती काहीच नसण्यापेक्षा बरी, पण ती पट्टी पाळायची की नाही हे कार्ड रीडर ठरवतो, कार्ड स्वतः नाही. त्यामुळे तिच्यावर सगळी भिस्त टाकू नका.

आता अँटीव्हायरसकडे येतो, कारण प्रश्नाची सुरुवात त्यानेच झाली होती. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर घरासाठी पुरेसा आहे, पण तो चालू आणि अपडेट झालेला हवा. पैसे देऊन पुण्याचं क्विक हील घेतलं तरी हरकत नाही. दोन-दोन अँटीव्हायरस मात्र एकत्र ठेवू नका, ते एकमेकांच्या पायात येतात. डिफेंडरची एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: मूळ सेटिंग तशीच असेल तर ‘फुल स्कॅन’ केलं तरी तो लावलेला पेनड्राइव्ह तपासत नाही. फाइल उघडताना तो बघतो, पण आधीच खात्री करायची असेल तर ड्राइव्हवर राइट-क्लिक करून त्याचं वेगळं स्कॅन करावं लागतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. नेटवरून उतरवलेल्या फाइलीला विंडोज एक अदृश्य चिठ्ठी लावतं, ‘ही बाहेरून आली आहे’ अशी. त्या चिठ्ठीमुळेच वर्ड ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’मध्ये उघडतं, मॅक्रो, म्हणजे फाइलीच्या आत दडलेले छोटे प्रोग्राम, अडवले जातात आणि अनोळखी प्रोग्राम चालवताना विंडोजच्या स्मार्टस्क्रीनची इशारा देणारी निळी पाटी येते. पण बहुतेक पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्या पद्धतीत ही चिठ्ठी साठवायला जागाच नाही. म्हणजे जी फाइल ईमेलने आली असती तर दोन वेळा इशारा मिळाला असता, तीच फाइल पेनड्राइव्हवरून आली की एकही इशारा न देता उघडू शकते. म्हणून पेनड्राइव्हवरच्या वर्ड-एक्सेल फाइलीने ‘एनेबल कंटेंट’ असं विचारलं तर उत्तर नेहमी नाही. प्रोजेक्टच्या निबंधाला मॅक्रो कशाला लागतात?

आणि एकदा ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘एक्सक्लूजन्स’ची यादी उघडून बघा. असेंबल केलेल्या मशीनवर पायरेटेड विंडोज टाकताना ते ॲक्टिव्हेट करणारं टूल डिफेंडरला अडवू नये म्हणून अख्खे फोल्डर, कधी अख्खी सी ड्राइव्ह त्या यादीत घातलेली मला सापडते. वरवर डिफेंडर हिरवा, आत दार सताड उघडं. यादी रिकामी करा. ज्याने अशी यादी करून दिली त्याच्याकडून पुन्हा विंडोज टाकून घेऊ नका. त्यापेक्षा लायसन्सचे पैसे घाला. मशीनवर पैशांचे व्यवहार होत असतील तर ते पैसे वाया जात नाहीत.

उघडण्याआधी नुसतं बघा असं मी वर म्हटलं, पण तेवढं बघणंही सुरक्षित नसल्याचा एक अपवाद होऊन गेलाय. २०१० मध्ये सापडलेल्या ‘स्टक्सनेट’ या व्हायरसने विंडोजमधल्या अशा चुकीचा फायदा घेतला होता की शॉर्टकटचं नुसतं चित्र पडद्यावर उमटलं तरी व्हायरस चालायचा. फोल्डर उघडून बघणं पुरेसं होतं, क्लिकही नको. त्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने त्यावर दुरुस्ती दिली. पण दुरुस्ती पोचते ती अपडेट घेणाऱ्यालाच. तुमचं विंडोज १० आहे, काकू. त्याला फुकट मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलं असेल तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत आहे. मशीन विंडोज ११ घेत असेल तर ते टाका. घेत नसेल तर नातवाकडून त्यावर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून घ्यायचा विचार करा. मेल, व्हिडिओ, मराठी टायपिंग सगळं चालतं, आणि विंडोजचे शॉर्टकट-व्हायरस तिथे नुसत्या निरुपयोगी फाइली होऊन पडून राहतात. मला एखादा अगदीच संशयास्पद ड्राइव्ह उघडायचा असेल तर मी उबुंटूच्या बूट होणाऱ्या पेनड्राइव्हवरूनच मशीन सुरू करतो.

रोजच्या वापराचं खातं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’चं नको. ‘स्टँडर्ड’ खातं करा आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे ठेवा, नातवाकडे नाही. मग एखादा प्रोग्राम विंडोजच्या मुळात हात घालायला लागला की मशीन पासवर्ड मागतं आणि त्या क्षणी थांबता येतं. याने तुमच्या स्वतःच्या फाइली वाचतीलच असं नाही, पण मशीन वाचतं. फाइलींसाठी बॅकअप हवा, वेगळ्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क कॉपी झाल्याबरोबर काढून कपाटात गेली पाहिजे. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून पैसे मागणारा व्हायरस, त्या वेळी मशीनला लागलेली प्रत्येक डिस्क कुलूपबंद करतो, मग बॅकअप घेऊनही हाती काही उरत नाही.

कुठे पडलेला सापडलेला पेनड्राइव्ह ‘कोणाचा आहे ते बघून परत करू’ म्हणून लावू नये. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी २९७ पेनड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले होते. २०१६ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. जवळजवळ सगळे उचलले गेले आणि ४५ टक्के ड्राइव्हमधली एखादी तरी फाइल कोणीतरी उघडली. चांगुलपणाने, मालकाचं नाव शोधायला उघडणारेही त्यांत बरेच होते. भेट म्हणून मिळालेल्या ड्राइव्हचंही तसंच. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सुरक्षा परिषदेत आयबीएमने वाटलेल्या पेनड्राइव्हमध्येच व्हायरस निघाला होता. २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी ‘बॅडयूएसबी’ दाखवलं. पेनड्राइव्हच्या आतल्या चिपचा प्रोग्रामच बदलला तर तो कॉम्प्युटरला ‘मी कीबोर्ड आहे’ असं सांगून आपणहून टाइप करायला लागतो, आणि फॉरमॅट करूनही ते जात नाही. दांडिया बाजारातल्या घरावर कोणी असा खास हल्ला करेल असं मी म्हणणार नाही. पण मूळ ठाऊक नसलेला ड्राइव्ह वाचवून आपल्याला मिळणार तरी काय? ओळखीच्या दुकानातून बिल घेऊन विकत घ्या. ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत एक टीबी म्हणून जे विकतात ते टाळा. त्यांत खरी जागा थोडीच असते, ती भरली की नव्या फाइली जुन्या फाइलींवर लिहिल्या जातात आणि फोटो गेलेले फार उशिरा कळतात.

भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ मध्ये ‘यूएसबी प्रतिरोध’ नावाचं टूल फुकट दिलं. कोणता ड्राइव्ह चालेल आणि कोणता नाही ते त्यातून ठरवता येतं. छोट्या कार्यालयाला किंवा शाळेच्या लॅबला ते उपयोगी आहे. घरी मी सुचवत नाही. दर ड्राइव्हला पासवर्ड मागितला की घरातले चार दिवसांत कंटाळून ते काढून टाकतात.

एक वेगळी पण नेहमी गल्लत होणारी गोष्ट. कधी ड्राइव्ह लावल्यावर ‘फॉरमॅट करायला हवा’ असा निरोप येतो. तो बहुधा व्हायरस नसतो. ‘इजेक्ट’ न करता ओढून काढल्याने फाइलींची यादी बिघडलेली असते. ‘फॉरमॅट’ दाबू नका, ड्राइव्ह काढून जाणकाराला दाखवा, फाइली बऱ्याचदा परत मिळतात.

राहिला कपाटातला गठ्ठा. त्यातल्या घरगुती डिस्क, म्हणजे मुंजीचे व्हिडिओ, लग्नाच्या व्हीसीडी, सहलीचे फोटो, या टाकू नका, उलट आधी त्याच कॉपी करा. घरी बर्न केलेल्या सीडीचा रंगाचा थर वर्षागणिक बिघडतो, थांबलात तर वाचता येणार नाहीत. ऑटोप्ले बंद करून लावा आणि फक्त व्हिडिओ आणि फोटो उचला. व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर दिसेल, त्यातल्या डॉट डीएटी फाइली म्हणजेच व्हिडिओ. त्या व्हीएलसी प्लेअरमध्ये चालतात. ज्या डिस्कवर ओरखडे आहेत त्या सगळ्यात शेवटी, आणि वाचताना ड्राइव्ह घरघरत अडकला तर जबरदस्ती न करता ती बाजूला ठेवा. दुकानातून आणलेल्या पन्नास-पन्नास गेम आणि सॉफ्टवेअरच्या ‘कलेक्शन’ सीडी, ज्यांत ‘क्रॅक’ आणि ‘कीजेन’ नावाचे फोल्डर असतात, त्या लावून बघूसुद्धा नका. मधोमध मोडा आणि टाका. मोडताना काठ धारदार होतात, तेव्हा आधी जुन्या कपड्यात गुंडाळा.